पाचरीएवढी फट

मित्रांनो, न्हाणीघर आणि स्वयंपाकघर यांच्या मधल्या अरुंद बोळात, भिंतीकडे पाठ करून जी उभी आहे, ती मी. मी एक जुनी वॉशिंग मशीन आहे. माझं दार वर नाही, पुढे आहे. गोल, काचेचं, बोटीच्या खिडकीसारखं. तुमच्यातली लहान मुलं माझ्यासमोर उभी राहिली की थेट माझ्या पोटात पाहू शकतात. मोठ्यांना मात्र वाकावं लागतं, आणि वाकावं लागलेला माणूस कुरकुरतो. त्यामुळे माझी दोस्ती आधी लहानांशीच जमते.

एका लांबलचक कारखान्यात माझा जन्म झाला. सरकत्या पट्ट्यावरून मी पुढे पुढे जात राहिले आणि वाटेत एकेक अवयव मिळत गेला. आधी भोकं भोकं असलेलं पोलादी पिंप, मग मोटर, मग दाराच्या तोंडाशी रबराचं जाड कडं. शेवटी माझ्या पोटात चक्क सिमेंटचा ठोकळा बसवला. यंत्राच्या पोटात सिमेंट कशाला, असं तुम्हाला वाटेल. ओले कपडे गरगर फिरतात तेव्हा पिंपाला जोराचे हिसके बसतात. मी अंगाने हलकी असते, तर त्या हिसक्यांनी घरभर नाचले असते. त्या ठोकळ्यामुळे माझे पाय जमिनीवर राहतात. माझं वजन उचलताना हमालांनी मला काय काय म्हटलं, ते मात्र मी इथे सांगणार नाही.

पहिल्या दिवशी तरीही मी नाचलेच. प्रवासात पिंप हलू नये म्हणून कारखान्यात माझ्या पाठीला मोठे बोल्ट मारतात. घरी आल्यावर ते काढायचे असतात, आणि जोडणी करायला आलेला माणूस नेमका तेच विसरला. पिंप फिरू लागलं तशी मी थरथरत बोळातून निघाले आणि न्हाणीघराच्या दारावर जाऊन आदळले. घरातल्या सूनबाईंनी धावत येऊन माझी वायर उपटली. जोडणीवाला खाली मान घालून परत आला, बोल्ट काढले, आणि जाता जाता सूनबाईंना म्हणाला, "आणि ताई, धुणं झालं की दार जरा उघडं ठेवत जा. आत वारा लागला पाहिजे."

हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे जे घडलं ते सगळं या वाक्यापाशी येऊन थांबतं.

घरात माणसं चार. सूनबाई रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत काम करायच्या. त्यांचे यजमान बस चालवायचे. त्यांच्या पाळ्या अशा उलटसुलट की घरात असले तरी बहुधा झोपलेले. त्यांची मुलगी, ही गोष्ट घडली तेव्हा पाच वर्षांची. ती एका जागी उभी राहतच नसे, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. आणि सूनबाईंचे सासरे, म्हणजे आबा.

आबा सुतार होते. त्यांनी आयुष्यभर दारं केली. ज्या न्हाणीघराच्या दारावर मी आदळले तेही त्यांनीच केलेलं. त्यांनी दारावरून हात फिरवला, एकही ओरखडा नाही हे पाहिलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "तू नवी आहेस. शिकशील."

आबांना उघडं दार बघवत नसे. कपाट, खण, फडताळ, दिसेल ते ते जाता जाता लावत. दारं नीट लागतात की नाही, यावरून ते घराची पारख करत. "दार उघडं टाकणं म्हणजे बोलता बोलता मधेच उठून जाणं," असं ते म्हणत. समोरच्या काकूंच्या घरी चहाला गेले तरी त्यांच्या कपाटाचं दार लावून येत. काकू म्हणायच्या, "आबा आले की माझं घर आवरून जातं."

माझं दार उघडं राहिलं की तो बोळ निम्मा अडायचा. आबांच्या गुडघ्याला ते दोनदा लागलं. सूनबाई सकाळी धुणं काढून दार उघडं ठेवून कामावर जायच्या. आबा येता जाता ते लावायचे, टक असा आवाज येईपर्यंत. सूनबाई संध्याकाळी पुन्हा उघडायच्या, आबा पुन्हा लावायचे. शेवटी सूनबाईंनी नाद सोडला. एवढ्यातेवढ्यावरून सासऱ्यांना काय सांगायचं, असं त्यांना वाटलं असावं.

पहिली काही वर्षं माझं चांगलं कौतुक झालं. माझी कामाची पद्धत तुम्हाला सांगते. वरच्या झाकणाच्या मशीनमध्ये कपडे पाण्यात बुडून घुसळले जातात. माझं पिंप आडवं फिरतं. मी कपडे उचलून वर नेते आणि तिथून खाली टाकते. दगडावर कपडे आपटतात ना, तसंच, फक्त हलक्या हाताने. त्यामुळे मला पाणी कमी लागतं, साबण कमी लागतो आणि कापड झिजत नाही. पिळून काढलेले कपडे तर इतके कोरडे निघतात की दोरीवर टाकले की थोड्याच वेळात वाळतात.

काकूंना हे पटत नसे. त्यांच्याकडे वरच्या झाकणाची मशीन होती.

"अगं, तळाला वाटीभर पाणी दिसतंय. हिने कपडे धुतले की नुसते ओले केले?"

"धुतले, काकू. हे बघा, कॉलर बघा."

"आणि एवढा वेळ? माझी दोनदा धुऊन झोपी गेली असती."

"तुमची पाणी किती पिते पण?"

"पिऊ दे, काम करते ना. आणि राहिलेला मोजा मधेच टाकता येतो. तुझी तर एकदा तोंड मिटून बसली की मौनव्रत."

काकूंचं सगळंच खोटं नव्हतं. मला वेळ लागतो. मी महाग आहे. माझ्यापुढे वाकावं लागतं. पाणी भरलं की मी दार घट्ट लावून घेते, मग राजा आला तरी उघडत नाही. उघडलं तर सगळं पाणी त्याच्याच पायावर येईल. आणि माझा सगळ्यात मोठा दोष म्हणजे माझ्या दाराचं ते रबरी कडं. त्याला आतून एक घडी असते. तिथे नेहमी थोडं पाणी आणि साबण उरतो. दार उघडं असलं तर ते वाळून जातं. दार बंद असलं तर आत अंधार, ओल आणि ऊब राहते. बुरशीला आणखी काय हवं?

मित्रांनो, माझ्या त्या घडीत हळूहळू काळा, बुळबुळीत थर साचू लागला. मला तो जाणवत होता. पण यंत्राला सांगता येत नाही.

घरातल्या बाकीच्यांना त्याचा पत्ता लागला नाही, कारण त्यांचे कपडे मी गरम पाण्यात धूत असे आणि ते गच्चीवर कडक उन्हात वाळत. त्यातून सूनबाई दिवसभर प्रयोगशाळेतल्या तीव्र वासांत काम करायच्या. घरी येईपर्यंत त्यांचं नाक दमलेलं असायचं. आबांचं तसं नव्हतं. दोन सदऱ्यांसाठी मशीन तासभर कशाला चालवायची, म्हणून ते आपले कपडे वेगळे, थंड पाण्यात, सगळ्यात छोट्या फेरीवर धूत. आणि आपली बनियनं चारचौघांत गच्चीवर नकोत म्हणून खोलीतच दोरीवर टाकत. दार लावून.

एके दिवशी भिंगरी त्यांच्या मांडीवर बसली होती. मला बोळातून दोघं दिसत होती. तिने आबांच्या सदऱ्याला नाक लावलं आणि म्हणाली, "आबा, तुला ओल्या फडक्यासारखा वास येतो."

यात तिचा काही हेतू नव्हता. पाच वर्षांचं मूल जे कळेल ते बोलतं. आबा हसले. थोड्या वेळाने त्यांनी तिला मांडीवरून अलगद खाली उतरवलं.

त्यानंतर ते माझ्याकडे रोज येऊ लागले. घरात कुणी नसलं की धुतलेला सदरा नाकाशी धरून बराच वेळ उभे राहायचे. मग तो पुन्हा माझ्या पोटात टाकायचे आणि साबणाचं माप दुप्पट करायचे. कधी तिप्पट. माझ्या खिडकीत नुसता फेस दाटायचा. फेसात कपडे गादीवर पडल्यासारखे पडतात, आपटतच नाहीत. मग मळ निघत नाही, आणि जास्तीचा साबण माझ्या घडीत जाऊन बसतो. तिथल्या बुरशीची चंगळ व्हायची. आबा जितकं स्वच्छ करू पाहत होते, तितका वास वाढत होता. आणि काम झालं की ते माझं दार लावायचे. टक.

त्यांना वाटू लागलं होतं की हा वास कपड्यांचा नाहीच. तो आपल्या अंगाचा आहे. एकदा सदरा हुंगून ते माझ्यासमोर हळूच म्हणाले, "लाकूड जुनं झालं की कितीही रंधा मारा, वास आतून येतोच."

ते दिवसातून दोनदा अंघोळ करू लागले. जेवताना टेबलाच्या टोकाला, खिडकीजवळ बसू लागले. भिंगरी धावत आली की म्हणायचे, "लांबूनच सांग, मला ऐकू येतं." आणि खोलीत गेले की दार लावून घ्यायचे. ते दार त्यांनी स्वतःच्या हाताने केलेलं होतं. ते आवाज न करता लागायचं. म्हणून बाकीच्यांच्या लक्षात यायला वेळ लागला.

एका रविवारी त्यांनी मुलाला सांगितलं, "मी ताईकडे जाऊन राहतो म्हणतो."

ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण. ती दूरच्या गावी एकटी राहायची.

"किती दिवस?" मुलाने विचारलं.

"दिवस कसले. कायमचंच. तीही एकटी, मीही रिकामा."

"रिकामे कसले? इथे काय कमी पडलं तुम्हाला?"

"कमी काही नाही रे. उगाच खोदत बसू नकोस."

मुलाने सूनबाईंकडे पाहिलं. सूनबाईंनी मान हलवली. त्यांनाही काही माहीत नव्हतं. दोघं त्या दिवशी स्वयंपाकघरात कुजबुजत राहिली, आपलं काय चुकलं ते आठवत. माझ्यापासून चार हातांवर उभी राहून. आणि उत्तर माझ्या रबरी घडीत होतं.

आबांचं जायचं ठरलं. आदल्या दिवशी दुपारी त्यांनी सगळे सदरे, लेंगे, टॉवेल गोळा केले. ताईकडे तरी नीट जावं, म्हणून त्यांना पुन्हा एकदा धुवायचे होते. कपडे माझ्या पोटात भरून ते साबण आणायला वळले, तेवढ्यात भिंगरी चोरपावलाने आली. तिच्या हातात कापडी हत्ती होता. सूनबाईंनी तो आदल्याच संध्याकाळी तिच्यासाठी आणला होता, आणि तिने एवढ्यात त्याच्यावर फळाचा रस सांडला होता. आई संध्याकाळी येऊन ओरडणार. तिने हत्ती आबांच्या कपड्यांत खुपसला आणि पळाली. आबांनी न बघता दार लावलं आणि बटण दाबलं. पाणी आत येऊ लागलं आणि माझं कुलूप पडलं.

दोन मिनिटांनी भिंगरी परत आली. तिने काचेत पाहिलं. हत्तीची सोंड वर आली आणि टॉवेलाखाली गेली.

"आबा," ती म्हणाली, "तो बुडतोय."

"कोण?"

"हत्ती."

"कुठला हत्ती?"

"माझा. तुझ्या लेंग्यात आहे."

आबांनी वाकून पाहिलं. मग बटण दाबून पाहिलं, दार ओढून पाहिलं. मी काय करणार? माझ्यात पाणी होतं. भिंगरीचे ओठ थरथरू लागले. आबांना रडू आलेलं मूल लांबून समजावता येईना. ते स्टूल घेऊन माझ्यासमोर बसले आणि भिंगरी त्यांच्या मांडीवर चढली. ते जरा मागे सरकले, पण स्टुलावर सरकणार किती?

"बुडत नाही तो," आबा म्हणाले. "हत्तीला पोहता येतं. बघत राहा. वर येईल."

"आला," भिंगरी म्हणाली.

"बघ."

"गेला."

"येईल."

"आला!"

मित्रांनो, माझं हे गोल दार काचेचं असल्याचा मला त्या दिवसाइतका अभिमान कधीच वाटला नाही. कितीतरी वेळ त्या दोघांची तोंडं माझ्या खिडकीत शेजारी शेजारी दिसत होती. थोड्या वेळाने आबाही म्हणू लागले, "आला. गेला. आला." फेरी संपत आली तेव्हा त्यांचा हात तिच्या डोक्यावर होता, आणि तो तिथे कधी गेला हे त्यांनाही कळलं नसावं.

आबा निघणार म्हणून सूनबाई त्या दिवशी दुपारीच परतल्या. कुलूप उघडलं तेव्हा त्या नुकत्याच घरी आल्या होत्या. भिंगरीने हत्ती ओढून काढला, छातीशी धरला आणि नाक मुरडलं.

"आई, माझ्या हत्तीला आबांचा वास लागला."

"असं बोलतात का?" सूनबाई दटावून म्हणाल्या.

"बोलू दे तिला," आबा म्हणाले. ते कपडे बादलीत काढत होते. त्यांनी मान वर केली नाही. "खरं तेच बोलते. तुम्ही दोघं सांगत नाही इतकंच. म्हणून तर निघालोय मी."

सूनबाई तिथेच खाली बसल्या. त्यांच्या चेहऱ्यावर आधी दुःख होतं. मग हळूहळू त्यांच्या कपाळावर एक बारीक आठी पडली. त्यांनी हत्ती घेऊन हुंगला. बादलीतला सदरा हुंगला. पुन्हा हत्ती.

"आबा, हा हत्ती तुम्ही कधी अंगाशी घेतला होता?"

"मी? आत्ताच पाहतोय मी त्याला."

"काल संध्याकाळी दुकानातून आणला मी. रात्री हिच्या उशाशी होता. मग याला तुमचा वास कुठून येणार?"

"माझ्या कपड्यांसोबत धुतला गेला ना. लागला असेल."

"असेल. नसेलही. थांबा."

त्यांनी कपाटातून एक नवं कोरं, पुसायचं पांढरं फडकं काढलं, कुणाचा हातही न लागलेलं. ते एकटंच माझ्यात टाकलं, थंड पाणी, छोटी फेरी, आबा लावत तशीच. दुसरीकडे आबांच्या अंगावरचा सदरा मागून घेतला आणि बादलीत गरम पाण्याने हाताने धुऊन गच्चीवर उन्हात टाकला. आबा बनियनवर बोळात उभे होते, परीक्षेचा निकाल लागायचा असल्यासारखे.

फडकं बाहेर आलं. सूनबाईंनी ते हुंगून आबांच्या हातात दिलं. ओल्या फडक्याचा तोच जुनाट वास. उन्हं उतरता उतरता गच्चीवरून सदरा आला. आबांनी तो नाकाशी धरला. बराच वेळ धरला. त्याला उन्हाचा वास होता, बाकी कसलाच नाही.

मग सूनबाई माझ्यासमोर गुडघ्यांवर बसल्या, दोन बोटांनी माझं रबरी कडं मागे ओढलं आणि म्हणाल्या, "हे बघा. सापडला."

आबांनी वाकून पाहिलं. तो काळा थर मी इतकी वर्षं लपवल्यासारखा झाकून ठेवला होता. मला फार लाज वाटली.

"हिला धुणं झाल्यावर वारा लागतो," सूनबाई म्हणाल्या. "दार उघडं ठेवायचं असतं. मला माहीत होतं, आबा. तुम्ही लावता तेही दिसत होतं. म्हटलं, तुम्हाला कसं सांगायचं."

"सांगायचं की."

"तुम्ही तरी कुठे सांगितलं?"

आबांनी त्या रबरी घडीवरून बोट फिरवलं. मग त्यांचे खांदे हलू लागले. भिंगरीला वाटलं ते रडताहेत, पण ते हसत होते. "म्हणजे दार मीच लावत होतो," ते म्हणाले. "आणि घर सोडून निघालोही मीच."

त्या संध्याकाळी सूनबाईंनी माझी घडी घासून पुसली. मग मला रिकाम्या पोटी, उकळत्या पाण्यावर चालवलं. एवढा हलकेपणा मला कारखान्यातून निघाले तेव्हाही नव्हता. आबांनी ताईला फोन लावला. "येत नाही गं. इथे मशीनचं काम निघालंय," असं म्हणाले आणि पिशवीत भरलेलं सामान परत कपाटात लावलं. कपाटाचं दार अर्थातच बंद केलं. सवयी एका दिवसात जात नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जुन्या खिडकीच्या चौकटीतला लाकडाचा तुकडा शोधून काढला. तो तासला, घासला, त्याला एका अंगाला खाच पाडली आणि माझा रंग खरवडू नये म्हणून दुसऱ्या अंगाला मऊ कापड चिकटवलं. तयार झाली ती एक छोटीशी पाचर. ती माझ्या दारात बसवली की दार उघडं राहतं, पण इतकंच की वारा आत जावा आणि कुणाचा गुडघा आपटू नये. भिंगरीने विचारलं, "आबा, हे काय केलंस?"

"दार केलं," आबा म्हणाले. "आजवर लावायची केली. हे उघडं ठेवायचं."

मित्रांनो, या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. माझ्या मोटरीचा आवाज खरखरीत झाला आहे. पिळताना मी काकूंना ऐकू जाईल इतकी ओरडते. भिंगरीला माझ्यात पाहायला आता वाकावं लागतं, आणि तीही कुरकुरते. दुरुस्तीवाला मागच्या खेपेला म्हणाला की नवी घ्या. कधीतरी घेतीलही. त्याचं मला फार वाईट वाटणार नाही. तोवर मी तुमच्याकडे थोडंसंच मागते. साबण मापात घाला. फेस दिसला म्हणजे मळ निघाला असं नसतं. माझी घडी कोरड्या फडक्याने पुसा. खिशातली नाणी आणि कागद काढून घ्या. आणि काम झालं की माझं दार लगेच मिटू नका.

माझी पाचर रोज धुण्यानंतर भिंगरीच लावते. तशीच दुसरी एक पाचर आबांनी त्याच आठवड्यात केली होती, तीही तिनेच मागून घेतलेली. ती त्यांच्या खोलीच्या दारात असते. आबा आता दुपारचे बरेच झोपतात. इथून, बोळातून, त्या फटीतून मला त्यांच्या पलंगाची कड दिसते, आणि पायथ्याशी बसलेला, सोंड जरा आकसलेला एक हत्ती.